भरतीच्या माथ्यावरचे पाणी

मी घाटावरची. लग्न होऊन रत्नागिरीला आले तोपर्यंत समुद्र दोनदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत. सासरची मंडळी मला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय दाखवायला घेऊन गेली, तेव्हा सगळे जण तिथल्या देवमाशाच्या सांगाड्याभोवती रेंगाळले आणि मी मात्र आत एका काचेपुढे खिळून उभी राहिले. काचेपलीकडे बोटभर लांबीचे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे एका दगडाच्या कपारीतून आत-बाहेर करीत होते. त्यांच्यातील थोरला सारखा काचेशी येऊन माझ्या बोटाकडे पाहायचा. आपल्या घरी असे काही असावे ही इच्छा त्या दुपारी मनात रुजली, आणि ती प्रत्यक्षात यायला पुढे 19 वर्षे लागली, कारण खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हा श्रीमंतांचा शौक आहे असेच मला सगळ्यांकडून ऐकायला मिळत होते.

ते अगदीच खोटे नाही. पण त्या खर्चातला बराचसा भाग घाईचा असतो, हे मला स्वतः टाकी उभी करताना कळले. जो माणूस पंधरा दिवसांत भिंतीएवढा समुद्र दिवाणखान्यात मागतो, त्याला प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. माझ्याकडे पन्नास हजार रुपये होते, वेळ भरपूर होता आणि समुद्र घरापासून काही किलोमीटरांवर होता. त्या हिशेबाने सगळी आखणी केली.

पहिला प्रश्न आकाराचा होता. पैसे कमी असतील तर छोटी टाकी घ्यावी असे कोणालाही वाटेल, आणि गोड्या पाण्यात ते एक वेळ चालेलही. पण खाऱ्या पाण्यात हिशेब उलटा होतो. चाळीस लिटर पाण्यात एखादा मासा मेला आणि तो दिवसभर लक्षात आला नाही, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पाण्यात अमोनिया चढतो आणि बाकीचे मासेही जातात. तीच चूक साडेपाचशे लिटरमध्ये विरघळून जाते. उन्हाने पाणी तापणे, बाष्पीभवनाने क्षारता वाढणे, हातून खाणे जास्त पडणे या सगळ्यांना मोठे पाणी सावकाश प्रतिसाद देते आणि नवशिक्या माणसाला चूक सुधारायला अवधी मिळतो. म्हणून मी 5 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टाकी घ्यायचे ठरवले. काटकसर कशात केली, तर टाकीत प्रवाळ ठेवायचे नाहीत, फक्त मासे ठेवायचे, या निर्णयात. प्रवाळांसाठी लागणारे महागडे दिवे आणि पाण्यात रोज मोजून घालायची कॅल्शियमची द्रावणे या एका निर्णयाने वगळली गेली. साध्या पांढऱ्या एलईडी पट्टीवर काम भागले.

टाकी जुनी मिळाली. बदली होऊन निघालेल्या एका कुटुंबाने गोड्या पाण्याची, 12 मिलिमीटर काचेची टाकी नऊ हजारांत विकली. काच उत्तम होती, पण सांध्यांचे सिलिकॉन पिवळे पडून कडांना सुटू लागले होते. ते पात्याने पूर्ण खरवडून काढले, काच स्पिरिटने पुसली आणि नवे सिलिकॉन भरले. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते माशांना घातक ठरते. त्यामुळे मत्स्यालयासाठीचे साधे, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनच वापरावे. आठवडाभर ते वाळू दिले, मग अंगणात टाकी मांडून नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि आणखी आठ दिवस तशीच ठेवली. रोज सकाळी उठून तिच्याखालची जमीन कोरडी आहे का ते हाताने चाचपत असे.

वजनाचा विचार त्याआधीच केला होता. भरलेली टाकी, काच, दगड, वाळू आणि लोखंडी स्टँड मिळून भार आठशे किलोंच्या पुढे जातो, आणि तो सगळा जेमतेम एक चौरस मीटर जागेवर पडतो. राहत्या इमारतीची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधलेली असते. आमचे घर जुने, बैठे आणि जोत्यावर उभे असल्याने मला चिंता नव्हती. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणी हे वाचत असेल, तर त्याने अभियंत्याला दाखवल्याशिवाय आणि तुळई कुठून गेली आहे हे कळल्याशिवाय इतकी मोठी टाकी मांडू नये. स्टँड फॅब्रिकेटरकडून करून घेतला, त्याला रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि काचेखाली थर्माकोलची शीट अंथरली, म्हणजे लोखंडाचा बारीकसा उंचवटाही काचेवर ताण आणत नाही.

मग पाणी. या साऱ्या उद्योगात मला सर्वांत जास्त गुंतवणारा विषय हाच ठरला.

घरात पहिल्याच दिवशी सुचवले गेले की खडे मीठ आणावे आणि नळाच्या पाण्यात विरघळवावे. समुद्राचेच तर मीठ ते. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण मिठागरात समुद्राचे पाणी आटते तेव्हा त्यातले सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियमचे क्षार, म्हणजे चुना आणि जिप्सम, वेगळे होतात, मग आपले खायचे मीठ जमते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार शेवटी उरणाऱ्या कडू पाण्यात राहतात, जे मिठागरात काढून टाकले जाते. आगरातून आलेल्या मिठाच्या खड्यात म्हणजे समुद्राचा एकच भाग असतो. त्याचे द्रावण कितीही खारट केले तरी त्यात समुद्रातला मासा तग धरत नाही. बाजारात मत्स्यालयांसाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले कृत्रिम समुद्री मीठ मिळते, लिटरला साधारण 36 ग्रॅम लागते, आणि पहिल्या भरणीलाच मला त्याची 20 किलोंची बादली लागली असती. माझ्या पन्नास हजारांत ती बसत नव्हती. समुद्र जवळ होता; त्याचेच पाणी आणायचे ठरले.

समुद्राचे पाणी आणणे म्हणजे कॅन बुडवून भरणे, असे मी समजत होते. माझे सासरे अण्णा यांनी मला थांबवले. जन्मभर पंचांग पाहून दिवस काढलेला माणूस. ते म्हणाले, "सूनबाई, भाट्याचं पाणी आणू नकोस. तिथे काजळी नदी येऊन मिळते, ते अर्धं नदीचंच. खाडीपासून लांब जा, आणि भरती माथ्यावर आली की भर." मी भरतीची वेळ मोबाइलवर शोधू लागले तर त्यांनी विचारले, "आज तिथी कोणती?" सप्तमी होती. "साताची पाऊणपट कर. सव्वापाच. त्या वेळेला पाणी पुरतं चढलेलं असेल." कोकणात कोळ्यांपासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला हा हिशेब मी इतकी वर्षे इथे राहून ऐकला नव्हता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पाच-दहा मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा फरक पडतो एवढेच. आणि माथ्यावरचेच पाणी का, तर चढत्या भरतीने खोल समुद्रातले स्वच्छ, पुरते खारे पाणी किनाऱ्याला आणलेले असते, आणि ओहोटी लागली की खाडीचे, गावाच्या नाल्यांचे पाणी त्याच वाटेने बाहेर पडू लागते.

त्या दिवशी सव्वापाचला आम्ही आरे-वाऱ्याच्या बाजूच्या खडकाळ किनाऱ्यावर होतो. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याचा छोटा हत्ती, 35 लिटरचे सोळा कॅन, मी, माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र. लाट खडकाला आपटून मागे फिरताना जे पाणी कपारीत साचते, त्याच्या तळाशी वाळू असते. म्हणून मुले कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बादलीने पृष्ठभागाखालचे पाणी घेत होती आणि मी ते फडक्यातून कॅनमध्ये ओतत होते. भरलेला एक कॅन 36 किलोंचा होतो. सोळाव्या कॅनपर्यंत अंधार पडला होता आणि फडक्यावर बारीक, पारदर्शक, वळवळणाऱ्या जिवांचा एक थर जमला होता. मी तो परत समुद्रात झटकला. घरी येऊन रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, एक थेंब ठेवला. सापेक्ष घनता 1.025, म्हणजे क्षारता दर हजारी जवळपास 35. पुस्तकात जो आकडा आहे तोच. त्या रात्री मला शांत झोप लागली.

हे पाणी लगेच टाकीत घालता येत नाही. ते निळ्या पिंपांत भरून, झाकण लावून, अंधारात दोन आठवडे ठेवले. उजेड नसल्याने त्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक मरतात, गाळ तळाशी बसतो, आणि मग वरचे नितळ पाणी नळीने काढून घ्यायचे. हेच पाणी जुलैमध्ये आणले असते तर? मी पुढे कुतूहलाने मोजून पाहिले. भर पावसात किनाऱ्यालगत सापेक्ष घनता 1.016 पर्यंत उतरलेली होती आणि पाण्याला मातीचा रंग होता. म्हणजे कोकणात समुद्राचे पाणी दिवाळीपासून मेअखेरपर्यंतच घ्यायचे आणि पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवायची, जशी आपण पापड-मिरगुंडांची करतो.

दगडांची गोष्ट वेगळीच झाली. मत्स्यालयातला दगड शोभेचा नसतो. त्याच्या असंख्य छिद्रांत जिवाणू राहतात आणि पाणी शुद्ध करण्याचे खरे काम तेच करतात. गवंडी म्हणाला, "वहिनी, जांभा घाला की. अंगणात पडलाय, फुकट." जांभा सच्छिद्र असतो हे खरे, पण त्याचा तांबडा रंगच लोहाचा आहे आणि खाऱ्या पाण्यात सतत लोह सुटत राहिले तर त्यावर शेवाळ पोसले जाते. दुसरीकडे एका दुकानदाराने मला स्वस्तात 'जिवंत खडक' देऊ केला. त्याच्या टबात पाहिले तर त्यातले दोन-तीन तुकडे सरळ सरळ तोडून आणलेले प्रवाळ होते. प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली संरक्षित आहेत; ते तोडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी ते घेतले नसते. मालवणला, 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या भागात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात तोंडाला मुखवटा लावून मी प्रवाळ पाहिले आहेत. वर्षाला काही मिलिमीटर किंवा फार तर काही सेंटिमीटर वाढणारा तो जीव हातोडीच्या एका घावात कोणाच्या तरी टबात येतो, हे डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटी दगड घरीच केले. एक भाग सिमेंट, दोन भाग कालवांच्या शिंपल्यांचा चुरा आणि दोन भाग तेच आगरातले जाडे मीठ. ओल्या वाळूत खड्डे करून त्यांत हा गोळा थापला. सिमेंट घट्ट झाल्यावर दगड पाण्यात बुडवले की मीठ विरघळते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. पाण्यासाठी नाकारलेले मीठ असे कामी आले. मात्र नवे सिमेंट पाण्याचा सामू (पीएच) 11 च्याही वर नेते आणि टाकीला तो 8.1 ते 8.4 च्या दरम्यान हवा असतो. म्हणून ते पंचवीस-तीस दगड मागच्या अंगणातल्या हौदात गोड्या पाण्यात दोन महिने भिजत ठेवले, दर चार दिवसांनी पाणी बदलले, आणि चाचणीपट्टीचा रंग खाली येईपर्यंत वाट पाहिली. दुकानातून तेवढा दगड घेतला असता तर दहा-बारा हजार गेले असते. मला आठशे रुपये आणि आठ आठवडे लागले. तळाला किनाऱ्याची वाळू घातली नाही. ती उचलणे योग्य नाही आणि आमच्याकडच्या वाळूत काळे, लोहयुक्त इल्मेनाइटचे कणही असतात. त्याऐवजी तिसऱ्या म्हणतात त्या खायच्या शिंपल्यांची कवचे कुटून, धुऊन, चाळून घेतली.

टाकी भरल्यावरही महिनाभर तिच्यात मासा नव्हता. एक सोललेली कोलंबी जुन्या मोज्यात बांधून पाण्यात सोडली. ती कुजते, अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दर दोन दिवसांनी मी चाचणीच्या नळीत थेंब टाकून रंग वहीत टिपत होते. अमोनिया चढला, उतरला; मग नायट्राइट चढला आणि कितीतरी दिवस तिथेच अडून बसला. 37 व्या दिवशी दोन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ आल्या. पाहुणे येऊन रिकामी टाकी पाहून जात, आणि मासे कधी येणार म्हणून विचारत.

यंत्रे मोजकीच घेतली. पाणी वरून खालच्या छोट्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, उतरते आणि पंपाने परत वर जाते. सम्पमध्ये स्किमर आहे. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, पाण्यातली घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि कपात जमा होते. वाऱ्याच्या दिवशी किनाऱ्याला जो पिवळट फेस लागतो तो असाच बनतो. पाणी थंड ठेवायचा चिलर परवडण्याजोगा नव्हता. त्याऐवजी पृष्ठभागावर वारा घालणारे, संगणकातले दोन छोटे पंखे लावले. मे महिन्यात 31.5 अंशांवर गेलेले पाणी त्यांनी 29 वर आणले. पण हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते आणि मग पंख्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याने धरून चालावे. पंख्यांमुळे रोज सहा लिटर पाणी उडते. मीठ मात्र मागेच राहते, म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याचीच.

जुलैमधल्या एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. पंप थांबला की वरचे पाणी पाइपातून उलटे खाली येऊ नये म्हणून पाइपला पृष्ठभागालगत एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून हवा शिरते आणि धार तुटते. ते भोक शेवाळाने बुजले होते आणि मी महिनाभर तपासले नव्हते. पाइपचे तोंड पाण्याखाली तीन इंचांवर होते, तेवढे पाणी सगळे खाली आले आणि सम्प भरून चाळीसएक लिटर खारे पाणी फरशीवर पसरले. पाय ओले झाले तेव्हा मला जाग आली. फरशी पुसता येते. खरी भीती पुढे होती. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के कमी प्राणवायू मावतो, आणि पाणी कोमट व स्थिर असेल तर तो काही तासांत संपतो. माझ्याकडे बॅटरीचा हवेचा पंप नव्हता. मी स्टुलावर बसले आणि जगमध्ये टाकीतले पाणी घेऊन हातभर उंचीवरून परत ओतत राहिले. पाच मिनिटे ओतायचे, पाच मिनिटे थांबायचे. तीन वाजता अण्णा उठून आले, काही न बोलता त्यांनी माझ्या हातातून जग घेतला आणि मला स्वयंपाकघरात चहा करायला पाठवले. वीज सकाळी सातला आली.

पुढे वाचनात आले की 1846 मध्ये लंडनच्या ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले होते आणि ते जगावेत म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपुढे उभी राहून समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. वीज नव्हती, पंप नव्हता, समुद्रही दूर होता. त्या मोलकरणीच्या दुखणाऱ्या खांद्यांची मला नीट कल्पना आली.

मासे आणताना मी एकदा चुकले, आणि ती चूक काटकसरीतूनच झाली. पहिली जोडी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांची (क्लाउनफिश) होती, हॅचरीत वाढलेली. केरळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे पैदा करण्याचे तंत्र बसवले आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीलाही या माशांची हॅचरी आहे. असा मासा टाकीतच जन्मलेला असतो, तयार खाणे खातो आणि समुद्रातून कोणालाच ओरबाडून आणावे लागत नाही. ती जोडी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मग मोठ्या टाकीत सोडली आणि आजतागायत खणखणीत आहे. नंतर मला एक पिवळा फुलपाखरू मासा निम्म्या किमतीत मिळाला. तो कुठून पकडला, किती दिवस उपाशी आहे, हे विचारल्यावर विक्रेत्याने उत्तर टाळले, तरीही मी तो घेतला. घरी टबात त्याने काहीच खाल्ले नाही. या जातीतले कितीतरी मासे प्रवाळांच्या जिवंत कळ्या टोचून खातात, दुसरे खाणे त्यांना ओळखताच येत नाही. मी कोलंबीचा खिमा, शिंपल्यांचे मांस, वाटलेले शेवाळ, सगळे देऊन पाहिले. तो चोच पुढे करून तुकड्याजवळ यायचा, एक क्षण थांबायचा आणि वळून जायचा. अकराव्या दिवशी सकाळी तो टबाच्या कोपऱ्यात आडवा पडलेला होता. काचेला, सिमेंटला, पंख्यांना मी पैसे वाचवले याचा मला आनंद आहे. त्या माशाला वाचवलेले पाचशे रुपये मला अजून टोचतात. त्यानंतर माहिती नसलेला एकही मासा या घरात आला नाही.

आता टाकीत सात मासे आहेत. विदूषकांपैकी थोरली मादी आहे. ही जात जन्मतः नर असते आणि जोडीतला सर्वांत मोठा पुढे मादी होतो, हे अण्णांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ टाकीपुढे बसून राहिले होते. गेल्या फाल्गुनात तिने एका उपड्या मातीच्या कुंडीवर नारिंगी अंड्यांचा दामटा घातला आणि नर आठ दिवस पंखांनी त्यांच्यावर वारा घालत राहिला. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर पिल्ले बाहेर पडली. ती केसाएवढी होती, आणि त्यांना द्यायला लागणारे सूक्ष्म जीव माझ्याकडे तयार नव्हते, त्यामुळे सकाळपर्यंत एकही उरले नाही. त्या जिवांची पैदास आता खिडकीतल्या चार बरण्यांत सुरू केली आहे. एका बरणीचे पाणी नासले, तिघींचे हिरवे आणि ताजे आहे.

मे सुरू झाला आहे. पावसाळ्यात दर महिन्याला पन्नास लिटर पाणी बदलायचे, म्हणजे पाच महिन्यांचे अडीचशे, आणि बरण्यांसाठी वरचे थोडे. पिंपे धुऊन उन्हात उपडी घातली आहेत. अण्णा आता किनाऱ्यावर येत नाहीत, पण पंचांग त्यांच्याच उशाशी असते. पौर्णिमेला जायचे ठरले आहे. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. टेम्पोवाल्याला दहाला बोलावले आहे.